मुलतजमपाशी अल्टर केलेलं मागणं

खैरून,

आज तुला जाऊन दहा दिवस झाले. तुमच्यात दहावं नसतं हे मला ठाऊक आहे. पण सकाळी दुकानाच्या पत्र्यावर कावळा येऊन बसला आणि मी शटरची किल्ली हातात घेऊन उगीच त्याच्याकडे बघत उभी राहिले. शेवटी समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, "काकी, काय झालं? कुलूप अडकलं का?" तेव्हा भानावर आले. कावळा तोवर उडून गेला होता.

दुकान तिसऱ्या दिवशीच उघडलं. न उघडून सांगते कुणाला? लग्नसराई आहे. बायका येतात, तुझ्या रिकाम्या टेबलाकडे बघतात, डोळ्यांना पदर लावतात, "खैरूनताई गेल्या यावर विश्वासच बसत नाही हो," म्हणतात आणि त्याच श्वासात विचारतात, "माझा तो पिस्ता रंगाचा ब्लाउज तेवढा कापून झाला होता का?" पहिलीला मी अशी काही बोलले की ती कापड परत घेऊन गेली. दुसरीला बोलणार होते, पण तेवढ्यात मनात आलं की हे ऐकून तू टेबलावर डोकं ठेवून हसली असतीस. मग मीच हसले. ती बाई घाबरली बहुतेक.

पिस्ता रंगाचा कापून झाला नव्हता. तुझ्या खडूच्या रेघा मारून झाल्या आहेत, कात्री लागायची राहिली आहे. मला कापता येत नाही असं नाही, पण चोवीस वर्षं तू कापलंस आणि मी शिवलं. वर्तकनगरच्या या दहा बाय बाराच्या गाळ्यात तुझं टेबल भिंतीला आणि माझं मशीन दाराशी. बाहेरच्या बोर्डावर नुसतंच 'लेडीज टेलर' आहे, कारण नाव कुणाचं आधी लिहायचं हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, "आधी कापतात, मग शिवतात." मी म्हणायचे, "कापलेलं कुणी अंगात घालतं का?" पेंटर दोनदा येऊन परत गेला होता.

पण मला आज त्या भांडणाबद्दल बोलायचं नाही. मला त्या दुसऱ्या भांडणाबद्दल बोलायचं आहे. तू अर्ध्यात टाकून गेलीस ते.

तू भाऊ-भावजयीबरोबर मक्केला उमऱ्याला निघालीस त्याला दोन वर्षं झाली. बातमी मी कुणाला सांगितली नव्हती, तूही नाही, तरी आठ दिवसांत सगळ्या कॉलनीला कळलं. आणि मग बायकांनी जी रांग लावली! ब्लाउजची ट्रायल करता करता पडद्याआडून आवाज यायचा, "खैरूनताई, आमचंही तिकडे काही सांगा ना." सावंतबाईंच्या मुलाला नोकरी हवी होती. देसाई टीचरना बदली नको होती. साळवीबाईंना वजन कमी करून हवं होतं. कोळीवाड्यातली हिरा मासळीची पाटी खाली न ठेवताच दारातून ओरडली, "माजं यवरंच सांग गो, खारीन जिताडा येऊं दे!" तू सगळ्यांना हो म्हणालीस. एकीलाही तुझा-आमचा देव वेगळा वगैरे सुचलं नाही. शिवायला टाकावं तसं सगळ्यांनी मागणं टाकलं आणि डिलिव्हरी कधी एवढंच विचारलं.

तू ते कुठे लिहून घेतलंस तर मापाच्या वहीत. तुला नावं लक्षात राहायचीच नाहीत, बायका तू मापावरून ओळखायचीस. रस्त्यात कुणी नमस्कार केला की तू हसून मान हलवायचीस आणि ती पुढे गेल्यावर मला विचारायचीस, "अडतीस, बोट नेक. कोण गं ही?" त्यामुळे प्रत्येकीच्या मापाखाली तिचं मागणं. छाती छत्तीस, लांबी साडेतेरा, मागे डोरी, मुलाला नोकरी.

"तिकडे जाऊन असं वाचणार आहेस?" मी विचारलं.

"मग ओळखणार कशी? सुनीता तीन हायत आपल्याकडे."

"अगं, ज्याने त्या बाईला बनवलं त्याला तिचं माप माहीत नसेल?"

"त्याने बनवली तेव्हाचं माप येगळं," तू अगदी गंभीरपणे म्हणालीस, "आता दोन डिलिव्हरीनंतरचं येगळं." आणि मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून दोन्ही गालांना हात लावून तोबा तोबा केलंस.

मुलतजम हा शब्द मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. तू खडू घेऊन टेबलावर मला काढून दाखवलंस. हा काबा. हा कोपऱ्यातला काळा दगड. हा दरवाजा. आणि या दोघांच्या मध्ये जी भिंत, ती मुलतजम. "लई मोठी नाय गं. दोन वार असेल." तिथे माणसं छाती लावतात, गाल लावतात, दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटवतात आणि जे मागायचं ते मागतात. लहान मूल आईला बिलगतं तशी, तू म्हणालीस. तिथलं मागणं परत येत नाही म्हणतात. पण गर्दी इतकी की तिथवर पोचणं नशिबाचा भाग, बाईमाणसाला तर जास्तच. "बाकीच्यांचं मी अंगणात बसून वाचीन आरामात. भिंतीपाशी हात लागला तर एकच मागणं घेऊन जाणार. तुझं काय ते सांग."

मी म्हटलं, मला काही नको. तू पुन्हा विचारलं नाहीस. खुर्चीवर बसून हेमिंग करत राहिलीस. हेमिंग तू कधीच करायची नाहीस, ते माझं काम. तू नुसती वाट बघत होतीस आणि मला ते कळत होतं, म्हणून मी आणखी चिडले. दुकान बंद करताना शटरचा आवाज चालू असताना मी म्हटलं, "मंदारने येऊन माफी मागावी. एवढंच."

मंदार माझा एकुलता एक. त्याचे वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. शाळेतून सुटला की तुझ्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचा, आणि तू कापताना पाय कुठे पडतो ते बघत उभी राहायचीस. त्याच्या लग्नात काय झालं ते तुला सांगायला नको, पण सांगते, कारण माझ्या बाजूने ते तू कधी नीट ऐकूनच घेतलं नाहीस.

ऋतुजाचा लग्नातला ब्लाउज आपण शिवायचा असं ठरलं होतं. सुनेचा पहिला ब्लाउज. कापड दादरहून मी आणलं, मोतिया रंगाचं ब्रोकेड. माप तू घेतलंस, कापलास तू, शिवला मी. आठ रात्री नव्हे, आठ दुपारी, जेवण टाकून. बाहीला जे मणी लावले ते एकेक हाताने. आणि डोंबिवलीच्या हॉलमध्ये नवरी स्टेजवर आली ती कुठल्याशा बुटिकमधला ब्लाउज घालून. सगळ्या वर्तकनगरला मी सांगून ठेवलेलं, बघा आता माझ्या सुनेचा ब्लाउज! सावंतबाई माझ्याकडे बघतायत, देसाई टीचर माझ्याकडे बघतायत. मी काय बोलले? मी एवढंच म्हणाले की आमच्या हातचं लोकांना चालत नाही वाटतं, आणि त्या बुटिकवाल्याने पाठीला सुरकुती सोडली आहे. जरा मोठ्याने म्हणाले असेन. मुलीकडच्यांनी ऐकलं. मंदार खाली उतरून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, तू माझ्या लग्नात लग्न बघ ना. शिवण काय बघतेस? बघवत नसेल तर नीघ."

मी निघाले. न जेवता. मुलाच्या लग्नात आई न जेवता निघाली, हे डोंबिवलीत अजून सांगत असतील.

त्यानंतर त्याचा फोन नाही, माझा नाही. ठाणे आणि डोंबिवली, मध्ये काही समुद्र नाही. तरी वर्ष गेलं होतं, म्हणून तुला ते मागणं दिलं. मी कुठल्या भिंतीसमोर कधी काही मागितलेलं नाही, तुला माहीत आहे. नवससुद्धा नाही. पहिलं आणि एकमेव मागणं तुझ्या हाती पाठवलं.

तू परत आलीस ती खजूर, झमझमचं पाणी आणि सुजलेले पाय घेऊन. पहिले आठ दिवस दुकानात ब्लाउज कमी आणि चौकशा जास्त. तू प्रत्येकीला सांगत होतीस, तुझं वाचलं, नीट वाचलं, मापासकट. सावंतबाईंच्या मुलाला खरंच नोकरी लागली. हिराला जिताडा मिळाला की नाही माहीत नाही, पण एक तुला आणून दिला. साळवीबाईंचं माप चाळीसचं बेचाळीस झालं, त्यावर तू म्हणालीस, "पोचलंय, पण उलटं लागलंय." मी मात्र काही विचारलं नाही. तू सांगशील म्हणून थांबले.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तू सांगितलंस. काब्याभोवतीचा सातवा फेरा संपत असताना कुठली तरी एक धिप्पाड बाई, कुठल्या मुलखातली देव जाणे, तिने तुझा दंड धरला आणि गर्दीतून सुई घुसवावी तशी तुला आत घुसवलं. तुझा गाल भिंतीला लागला. वर काळं रेशीम, त्यावर सोन्याची जर, आणि तुझी नजर तिथेही शिवणीवर गेली. "टाका दिसत नाय गं कुठे, नलू! कुणी शिवलं असंल?" मी म्हटलं, पुढे बोल. हाताला भिंतीचा दगड लागला, गार होता. आणि तू माझं मागणं मागितलंस.

"काय म्हणालीस?"

"म्हणाले, या अल्ला, नलूचा राग कमी कर."

खैरून, मशीनचं पायडल माझ्या पायाखाली होतं आणि सुई माझ्या बोटाजवळ, म्हणून तू वाचलीस.

"मी हे सांगितलं होतं?"

"नाय."

"मग?"

"तुझं मागणं बसत नव्हतं. मी अल्टर केलं."

अल्टर केलं! आपल्या दुकानाचा पहिला नियम, तूच भिंतीवर लिहायला लावलेला: गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय अल्टर करायचं नाही. पाच इंचांचा गळा कुणी सात सांगितला आणि तो तिला कितीही वाईट दिसणार असला तरी आपण सात शिवतो. आणि आयुष्यात एकदा मी काही मागितलं तर ते तू न विचारता कापलंस, उलटंसुलटं केलंस आणि वर मला सांगतेस की फिटिंग चुकीचं होतं. मी म्हटलं, राग माझा कमी करायचा? नीघ म्हणाला तो! तू म्हणालीस, "त्याचा राग कमीच हाय. त्याला मागायची गरज नव्हती."

आपण नऊ दिवस बोललो नाही. एकाच गाळ्यात, एकाच पंख्याखाली. तू कापडावर खडूने लिहायचीस, "अस्तर कुठाय?" मी त्याखाली लिहायचे, "डोळे असतील तर दिसेल." शेवटी एका बाईच्या ब्लाउजवरचं लिहिणं पुसायचं राहून गेलं, ती तसाच घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी भांडायला आली, तेव्हा तिला आवरायला म्हणून आपण बोललो.

पण भांडण मिटलं नाही. दोन वर्षं चाललं. मधेच कापताना कात्री थांबवून तू म्हणायचीस, "डोंबिवली मक्क्याहून जवळ हाय बरं." मी मशीन जोरात चालवायचे. तू म्हणायचीस, "मी एवढ्या लांब गेले तुझ्यासाठी, तू पाऊण तास जा." मी म्हणायचे, "तू माझ्यासाठी गेली नव्हतीस. आणि गेलीस तर माझं काम केलं नाहीस." मग तू कात्री उचलायचीस आणि पुटपुटायचीस, "बघ, अजून लागली नाय दुआ. कपडा जाड हाय."

आणि मग त्या मंगळवारी दुपारी तू नमाजाला म्हणून घरी गेलीस, आणि परत आलीच नाहीस. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. सगळ्यांनी सगळं विचारून झालं आहे.

तुला न्यायला लोक निघाले तेव्हा मी वर तुझ्या घरात बायकांमध्ये होते. बायकांनी कबरस्तानापर्यंत जायचं नसतं हे तुझ्या भावजयीने हळूच सांगितलं. मी खिडकीपाशी गेले. खाली जनाजा उचलला आणि पुढच्या उजव्या बाजूला मंदार होता. डोक्याला रुमाल बांधलेला, कान लाल. त्याला कुणी कळवलं मला माहीत नाही. तुझ्या भावाने खांदा बदलायला हात पुढे केला तर त्याने मान हलवली. मला वाटलं, वर बघेल. त्याने बघितलं नाही. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी तिथेच उभी होते, आणि आपल्या मुलाला तीन वर्षांनी बघतेय ते पाठमोरा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाठीला शर्ट ढिला होता. बारीक झालाय.

आठव्या दिवशी मी डोंबिवलीला गेले. तू जिंकलीस असं समजू नकोस. मला घरात बसवेना, दुकानात बसवेना, आणि खरं सांगायचं तर भांडायला कुणी उरलं नव्हतं. पत्ता पर्समध्ये होता. तूच लिहून ठेवला होतास, तोही मापाच्या वहीच्या कागदावर.

दार ऋतुजाने उघडलं. मला बघून तिने डोक्यावर ओढणी घेतली, का ते तिलाही कळलं नसेल. मंदार आतून आला. मी मनाशी ठरवून गेले होते की शांतपणे बोलायचं. बसले, पाणी प्यायले, आणि म्हटलं, "खांदा दिलास, बरं केलंस." तो म्हणाला, "मावशी होती माझी." मी म्हटलं, "आणि मी कोण होते?" झालं. तिथून सुरू.

"तू मला हॉलमधून हाकललंस!"

"तू ऋतुजाच्या आईसमोर तिचा पाणउतारा केलास!"

"आठ दुपारी बसून शिवलेला ब्लाउज तिने घातला नाही, त्याचं काय?"

"तू एकदा तरी विचारलंस का, का नाही घातला ते?"

"विचारायचं काय त्यात? दिसत होतं!"

तेव्हा ऋतुजा उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तर अंगात तो ब्लाउज. मोतिया ब्रोकेड, माझे मणी. खाली घरातला परकर, वर ओढणी. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आता मी हात वर करते. बघा."

तिने हात वर केला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. कोपर तिथेच अडकलं. दुसरा हात, तोही तसाच. "हार घालायचा होता मला," ती म्हणाली, "आणि तुमचा मुलगा सहा फूट आहे."

मी उठले. टेप लागली नाही, नुसतं बोट फिरवलं आणि कळलं. बाही खांद्याला जिथे जोडतात तो मुंढा पाऊण इंच कमी. माझी शिवण सरळ होती, एक टाका इकडचा तिकडे नव्हता. काप चुकलेला. आत मार्जिनही नाही, कारण कापड तोडकं होतं. खैरून, काप तुझा होता.

"मावशींना मी आधीच्या दिवशी घालून दाखवला होता," ऋतुजा म्हणाली. "त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, एकवीस वर्षांत माझी कात्री चुकली नाही, आणि चुकली ती नलूच्या सुनेवर. तिला कळलं तर ती मला सोडायची नाय. तू बुटिकमधून घे, मी तिला बरोबर टाइम बघून सांगते. मला शपथ घातली त्यांनी. मी यांनाही लग्नानंतर सांगितलं."

बरोबर टाइम! तीन वर्षं तुला बरोबर टाइम मिळाला नाही! हॉलमध्ये माझ्यापासून चार हातांवर तू जिलबी हातात धरून उभी होतीस. मी बोलत होते ते सगळं ऐकत होतीस, आणि ती जिलबी ना खाल्लीस ना खाली ठेवलीस. मला वाटलं होतं, बिचारी, माझ्या दुःखाने सुन्न झाली आहे.

आणि उमऱ्याला निघायच्या आधी तू घरोघर माफी मागत फिरलीस ना, तुमच्यात तशी पद्धत असते म्हणून, काही कमी-जास्त बोलले-वागले असेन तर माफ करा? दुकानात माझ्याकडेही आलीस. हात धरलास. "नलू, काय चुकलं असंल तर मनापासून माफ कर." तू हात सोडत नव्हतीस. मी काजं करत होते. म्हटलं, "केलं, केलं. बाजूला हो, उजेड अडतोय." म्हणजे ती माफी तू माझ्याकडून व्यवस्थित घेऊन गेलीस, कशाची ते न सांगता. आणि वर त्या भिंतीला गाल लावून काय मागितलंस, तर नलूचा राग कमी होऊ दे. मी दोन वर्षं समजत होते की हा आगाऊपणा माझ्या भल्यासाठी होता. अगं, तुला मला सांगायचं होतं! सांगण्याआधी तुला माझा राग थोडा कमी करून हवा होता. एवढ्या लांब जाऊन, इतक्या गर्दीतून, आयुष्यात एकदा हाताला लागलेल्या त्या दोन वार भिंतीपाशी तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस, गुडघ्यांसाठी नाही, घरासाठी नाही. मला घाबरून माझ्यासाठीच मागितलंस.

मी इतकी वाईट होते का गं? की तुला अल्लाकडून माझ्याशी बोलायची परवानगी काढावी लागली?

मी त्यांच्या सोफ्यावर बसून रडले. तो ब्लाउज अंगात असल्यामुळे ऋतुजाला माझ्या पाठीवरून हात फिरवायलाही जमेना, नुसतीच कोपर हलवत होती, ते बघून मंदारला हसू आलं. मग तिला, मग मला. तुला हसत होतो, असं समज. पाऊण इंच मुंढ्याची गोष्ट तू त्या दुपारी सांगितली असतीस तर मी काय केलं असतं? खूप ओरडले असते. कात्री टेबलावर आपटली असती. नऊ दिवस बोलले नसते. आणि दहाव्या दिवशी पेंटरला बोलावून बोर्डावर तुझं नाव खाली लिहून घेतलं असतं. याहून जास्त काही नाही, खैरून. तुला माझं सगळं माप ठाऊक, हे कसं ठाऊक नव्हतं?

इथे ही गोष्ट गोड व्हायला हवी होती, पण तसं झालं नाही. डोळे पुसून झाल्यावर मंदार म्हणाला, "तरी आई, चूक तुझीच होती. विचारायला हवं होतंस." आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. म्हटलं, तू सांगायला हवं होतंस, तुला तर कोणी शपथ घातली नव्हती! तो म्हणाला, तू फोन उचलला असतास का? मी म्हटलं, तू लावलास कुठे? ऋतुजाने पानं घेतली. आम्ही वरणभातावर भांडलो, भाजीवर भांडलो. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, आम्हाला ऐकू यावं म्हणून नाही, त्यांना ऐकू यावं म्हणून. तुझी दुआ तसूभरही लागलेली नाही, राग जसाच्या तसा आहे. पण तीन वर्षांनी मुलाच्या घरी भरल्या ताटावर बसून, पोट भरेपर्यंत भांडले. ऋतुजाने तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा मी नको म्हणायलाही विसरले.

निघताना मंदारने माफी मागितली नाही. मीही नाही. तो म्हणाला, "रविवारी येतो आम्ही. उरलेलं तिकडे बोलू."

तेव्हा परवा दोघं येतायत. मी गवार आणून ठेवली आहे. मुद्देही काढून ठेवले आहेत, एकेक त्याला सांगणार आहे, या वेळी तो सुटायचा नाही. ऋतुजाच्या मुंढ्याला जोड देता येईल असं वाटतं, तेही बघणार आहे. आणि तू असतीस तर नक्की मध्ये येऊन बसली असतीस, सगळं तुझंच चुकलेलं असूनही त्याच्या बाजूने बोलली असतीस, आणि मी तुला एका शब्दाने बोलले नसते.

खोटं कशाला सांगू, खूप बोलले असते.